फरशीवरची फरशी

बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून तब्येतीची चौकशीही केली. तब्येत ठणठणीत आहे. २०२५ च्या जानेवारीतले जवळजवळ तीन आठवडे मी स्वयंपाकघरातलं जुनं लिनोलियम काढत होते आणि पुढचा एक आठवडा पाठ शेकत होते, म्हणून लिहायला बसणं झालं नाही. "या वयात?" हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारला आहे, की त्याचं उत्तर एकदाच सविस्तर देऊन टाकते.

साताऱ्यातलं आमचं हे घर सासऱ्यांनी १९५२ साली बांधलं. स्वयंपाकघर दहा बाय नऊचं, तळमजल्यावर, खाली शहाबादी फरशी. त्या फरशीवर १९८७ सालापासून लिनोलियम होतं. हिरव्या रंगाचं, त्यावर पांढरे चौकोन. शेवटची काही वर्षं हिरवं कुठलं आणि पांढरं कुठलं हे फक्त मलाच सांगता आलं असतं. माजघराच्या दारापाशी त्याच्या कडेला एक पितळी पट्टी होती. तिचे स्क्रू एकेक करून निखळले आणि कड पापडासारखी वर वळली. २०२४ च्या श्रावणात दुधाचं पातेलं घेऊन येताना माझा अंगठा त्या कडेत अडकला. दूध सगळीकडे, आणि मी ओट्यावर आदळले. मनगट चांगलं सुजलं. मोडलं नाही, हे नशीब. मुलाला आठवडाभर काही सांगितलं नाही. उगाच पुण्याहून धावत येईल, आणि आला की जाताना मला बरोबर घेऊन जाईल ही भीती. मग बोलता बोलता निसटलंच तोंडातून.

व्हायचं तेच झालं. पुढच्या रविवारी मुलगा हजर, बरोबर एक ठेकेदार. ठेकेदाराने बुटाच्या टाचेने दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, हे सगळं उखडून टाकू. खालची शहाबादीपण काढू, ब्रेकर लावला की एका दिवसात मोकळं. चार दिवसांत किचन चकाचक." मोबाईलवर त्याने टाइल्सचे फोटो दाखवले. त्यातली एक टाइल हुबेहूब सागवानी फळीसारखी दिसत होती. मातीची टाइल, तिने लाकडासारखं दिसायचं, आणि पाय ठेवला की काचेसारखं सरकायचं! मी म्हटलं, विचार करून सांगते. मुलगा म्हणाला, "आई, यात विचार कसला?"

विचार असा होता, की त्या लिनोलियमखाली सासूबाईंचं उखळ होतं. ते मुलाला आठवत नव्हतं, आणि ब्रेकरला तर आठवण असायचं कारणच नाही.

आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको, पण नातवंडांसाठी सांगते. पूर्वी स्वयंपाकघरात एका कोपऱ्याला दगडी उखळ जमिनीत पुरलेलं असायचं. त्याचं तोंड फरशीच्या पातळीला, वीतभर रुंद, आणि आत तेवढंच किंवा थोडं जास्त खोल. त्यात मुसळाने कांडायचं. तिखट, हळद, शिकेकाई, पोहे. मी १९७४ साली लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई वर्षाचं तिखट त्याच उखळात कुटायच्या. कुटताना घरातले सगळे शिंकत अंगणात, आणि त्या एकट्या आत, तोंडाला पदर बांधून. उखळावर पाय द्यायचा नाही, त्यावर बसायचं नाही, हा त्यांचा नियम. काम झालं की ओल्या फडक्याने पुसून त्यावर पाट पालथा घालायच्या.

पुढे मिक्सर आला. तिखट गिरणीतून यायला लागलं. उखळ महिना महिना पाटाखाली झाकलेलं राही. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होते. सकाळी साडेदहाच्या आत दोन डबे आणि तिघांचं जेवण उरकायचं असे. शहाबादी फरशी पावसाळ्यात घामेजायची, हिवाळ्यात बर्फ. फरश्यांच्या सांध्यांत काळं भरायचं, ते घासता घासता माझी नखं जायची. पुण्याला माझ्या बहिणीच्या क्वार्टरमध्ये लिनोलियम पाहिलं आणि मनात भरलं. गुळगुळीत, सांधा नाही, एक पोतेरं फिरवलं की काम झालं. दोन मे महिने दहावीच्या बोर्डाचे पेपर तपासले, त्याचे पैसे बाजूला ठेवले आणि आणलं. ह्यांच्याकडे एक पैसा मागितला नाही. आज लिहायला हरकत नाही, त्या घरात मी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या आवडीने आणलेली ती पहिली मोठी वस्तू.

पण लिनोलियम घालायचं तर उखळाचा खड्डा बुजवायला हवा. मी ह्यांना म्हटलं, आईंना विचारा. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "विचारलं. काही म्हणाली नाही." मी त्याचा अर्थ हो असा घेतला. शाळेत निबंधात कुणी असा अर्थ काढला असता तर मी लाल रेघ मारली असती. गवंड्याला सांगून ठेवलं, की वाळू भर आणि वर सिमेंट करून सपाट कर. तो आला त्या दिवशी मी शाळेत होते. संध्याकाळी येऊन पाहिलं तर कोपऱ्यात एक ओला करडा गोल. चार दिवसांनी त्यावर हिरवं लिनोलियम पसरलं.

त्यानंतर सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसेनाशा झाल्या. विळी घेऊन मागच्या पडवीत जायच्या, तिथे भाजी चिरून परात आणून द्यायच्या. तोंडाने एक शब्द नाही. मला वाटलं, रुसल्या. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, रुसा. मी काही चैनीसाठी नाही आणलं. असं ते आमचं १९८७ पासून त्या जाईपर्यंत, म्हणजे २००१ पर्यंत चाललं. भांडण कधीच झालं नाही. त्या पडवीत आणि मी आत.

तर ठेकेदाराला नको म्हणून कळवलं आणि ठरवलं, हे आपण घातलेलं आहे, आपणच काढायचं.

लगेच सुरी घेऊन बसणार होते, पण न्यू जर्सीहून लेकीने व्हिडिओ कॉलवरच अडवलं. "आई, थांब. कोरडं अजिबात खरवडू नकोस." त्यांच्या घराच्या तळघरात नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स होत्या. घर घेताना तपासनिसाने बजावलं होतं की यांना हात लावू नका, वरून दुसरी फरशी घाला. तिकडे साधारण १९८० पर्यंतच्या अशा टाइल्समध्ये, फरशीच्या गुंडाळ्यांच्या मागच्या नमद्यात, कधी खालच्या काळ्या डांबरी डिंकातसुद्धा ॲस्बेस्टॉस घालत. हा धाग्याधाग्यांचा खनिज पदार्थ. जळत नाही, मजबूत, म्हणून सगळीकडे वापरला. जागच्या जागी असतो तोवर फारसा त्रास देत नाही. खरवडला, घासला, फोडला की त्याची बारीक धूळ उडते आणि फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा आजार वीस-तीस वर्षांनीही उघड होतो. मी म्हटलं, वीस-तीस वर्षांनी मी एकशे चार वर्षांची असेन. तिला विनोद आवडला नाही.

पण तिचं ऐकलं. ओट्याखालच्या कोपऱ्यात साबणाचं पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून, कटरने दोन इंचांचा तुकडा कापला, दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला आणि भाच्याकरवी पुण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला, ॲस्बेस्टॉस आढळलं नाही. जुनी फरशी काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की आधी हे करा. अहवाल चांगला आला तरी काम ओलं करूनच करायचं, हे मी पाळलं.

त्या तुकड्याने एक भांडं मात्र फोडलं. तो उलटा करून पाहिला तेव्हा कळलं, की सदतीस वर्षं मी ज्याला लिनोलियम म्हणत होते ते लिनोलियम नव्हतंच! खऱ्या लिनोलियमच्या पाठीला तागाचं कापड असतं, गोणपाटासारखं. आमच्या तुकड्याच्या पाठीला तपकिरी नमदा आणि वर प्लॅस्टिकचा छापील थर. गॅसपाशी रोज उभी राहायचे तिथे नक्षी जाऊन तपकिरी दिसायला लागलं होतं, ते यामुळे.

शब्दाचा पिच्छा पुरवायची माझी जुनी खोड. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने पाहिलं, की जवसाच्या तेलातल्या रंगाचा डबा उघडा राहिला तर वर रबरासारखी साय धरते. त्या सायीत बुचाच्या लाकडाची पूड, भुसा, राळ असं मिसळून, तागाच्या कापडावर लाटून त्याने फरशी केली आणि १८६३ मध्ये पेटंट घेतलं. स्कॉटलंडमधलं कर्कॉल्डी हे गाव पुढे या धंद्यासाठी प्रसिद्ध झालं, आणि त्या तेलाच्या वासासाठीही. तिथल्या नेर्न कंपनीने आपल्या मालालाही लिनोलियमच म्हणायला सुरुवात केली, तेव्हा वॉल्टनच्या कंपनीने दावा लावला. १८७८ मध्ये निकाल लागला, की हे आता वस्तूचंच नाव झालं आहे, त्यावर कुणा एकाची मालकी नाही. म्हणजे आमच्या दुकानदाराने प्लॅस्टिकला लिनोलियम म्हटलं तेव्हा तो फार मोठ्या परंपरेत बसत होता! दोन मे महिन्यांचे पेपर मात्र मी खऱ्या लिनोलियमच्या समजुतीने तपासले होते. असो.

आता काम. गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येत नाही. म्हणून पाटावर बसून सरकत सरकत जायचं. फ्रिज, मांडणी आधीच बाहेर काढून घेतली. शाळेतली एक फुटी लाकडी पट्टी माझ्याकडे अजून आहे. तिच्या रुंदीवर खुणा करून कटरने फूटभर रुंदीच्या पट्ट्या पाडायच्या. हात हलका ठेवायचा, नाहीतर खालच्या दगडावर ओरखडा येतो. पहिल्या दिवशी आलाच. मधलं सगळं नुसतं पसरलेलं होतं, त्यामुळे ते सुटसुटीत निघालं. पट्टी गुंडाळायची, सुतळीने बांधायची, सकाळी घंटागाडीत द्यायची. गाडीवरचा मुलगा रोज विचारायचा, "आजी, अजून किती?" मी रोज सांगायचे, "झालंच."

कडांना चिकटवलेलं होतं, तिथे खरी परीक्षा. वरचा थर सोलून यायचा आणि नमदा दगडाला धरून राहायचा. नातीचा केस वाळवायचा पंखा इथे पडून होता, त्याने गरम करून पाहिलं. वरचा थर सुटायला त्याचा उपयोग झाला. नमद्याला नाही. शेवटी युक्ती सापडली ती गोणपाटाची. रात्री झोपताना कडेला गरम पाणी ओतायचं, त्यावर ओलं गोणपाट अंथरायचं आणि वर प्लॅस्टिकचा कागद. सकाळी नमदा भिजलेल्या भाकरीसारखा होतो. मग रंगाऱ्याकडची पत्र्याची पट्टी घेऊन खरवडायचं. ती मोडली तेव्हा जुनं लोखंडी उलथनं घेतलं. खरं सांगते, उलथन्याने जास्त चांगलं काम केलं. एका दिवशी दोन हात लांबीची कड, त्याहून जास्त नाही. मग सोड्याच्या पाण्याने पुसायचं. वेळ खूप लागतो. पण माझ्याकडे वेळच आहे.

सल्ला देणारे भरपूर आले. एकाने थिनर सांगितलं, एकाने रॉकेल. स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी! एका शेजारणीने बाटलीतलं ॲसिड आणून दिलं, की हे ओता, सगळं निघतं. सगळं निघेल, फरशीसकट. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे, सोलापूरहून रेल्वेने वाडीकडे जाताना लागतं, तिथून हे नाव. तोच चुनखडीचा दगड भाजून सिमेंट करतात. त्याच्यावर ॲसिड पडलं की फसफसून दगड खाल्ला जातो. लिंबाच्या फोडीनेसुद्धा पांढरा डाग पडतो. हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंमुळे माहीत. त्यांच्या प्रयोगाच्या तासाला एकदा मी बदली म्हणून बसले होते. ॲसिड शेजारणीला परत दिलं. ती थोडी नाराज आहे.

खाली काय निघालं, असं सगळे विचारतात. वर्तमानपत्रं निघाली. सगळ्यांकडे निघतात. पण ओल लागून त्यांचा लगदा झाला होता, वाचण्यासारखी एक साड्यांच्या सेलची जाहिरात तेवढी उरली होती. एक चार आण्याचं नाणं निघालं. आणि दगडावर लोणा, पांढरा भुरका, सगळीकडे. जमिनीतली ओल वर यायची, पूर्वी ती उघड्या फरशीवरून हवेत जायची. आम्ही वर प्लॅस्टिक घातलं आणि ती आत कोंडली. पावसाळ्यात स्वयंपाकघराला येणारा तो कुबट वास मी इतकी वर्षं मोरीचा समजत होते. मोरी दोनदा नव्याने करून घेतली.

कोपऱ्यातली पट्टी शेवटी ठेवली होती. मुद्दामच. तिच्यावर एक पिवळा डाग होता.

त्या डागाची गोष्ट अशी. १९९८ च्या डिसेंबरात लेकीचं लग्न झालं. आदल्या दिवशी घाणा भरायचा. दोन मुसळं आंब्याच्या डहाळीने एकत्र बांधून, पाच सुवासिनींनी हात लावून उखळात हळकुंडं कुटायची. गल्लीतल्या बायका जमल्या. कुणीतरी विचारलं, "उखळ कुठंय?" सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या. त्या भिंतीला धरून आत आल्या, कोपऱ्यात बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "हे काय, इथं." सगळ्या हिरव्या चौकोनांकडे बघत उभ्या. मग शेजारून लाकडी उखळी आणली आणि तिच्यात घाणा भरला. पण सासूबाईंनी तोवर हळदकुंकवाची कोयरी मागून घेतली होती. वाकल्या, आणि त्या कोपऱ्यात लिनोलियमवरच हळदकुंकू वाहिलं. बोटाने चांगलं दाबून. कुंकू पुसलं गेलं. हळद प्लॅस्टिकमध्ये भिनली. लग्नानंतर मी साबण, सोडा, ब्लीचिंग सगळं करून पाहिलं. जाईना. चार बायकांत मला दाखवून दिलं, असं माझ्या मनाने घेतलं. पुढे त्या डागावर मी मुद्दाम पिठाचा डबा ठेवायचे.

ती पट्टी मी घंटागाडीत दिली नाही. अजून माळ्यावर आहे. तिचं काय करायचं ते कळत नाही.

खालचा सिमेंटचा गोल फोडणं मात्र माझ्या ताकदीबाहेरचं होतं. गवंडी बोलावला. त्याला म्हटलं, सिमेंट आतपर्यंत गेलं असेल, उखळाला धक्का लागणार असेल तर राहू दे. त्याने छिन्नी लावली, चार ठोके दिले आणि सिमेंटची दीड इंची चकती जवळजवळ अखंड वर आली. तिच्या खाली पत्र्याचं गोल झाकण. गंजून चाळणी झालेलं, पण होतं. झाकणाखाली वाळू. गवंड्याने मूठभर हातात घेतली आणि म्हणाला, "आजी, ही चाळून भरलीय. एक खडा नाय." सिमेंटचा थेंब आत गेला नव्हता. मी वाटीने वाळू उपसली. तळाशी वाळू पिवळसर होती. त्यात हळकुंडाचा भुसा आणि एक सुपारी. सुपारी शाबूत.

गवंडी काही बोलला नाही. पैसे देताना त्याने उखळाला हात लावून नमस्कार केला, आणि गेला.

संध्याकाळी वन्संना फोन लावला. त्या कोल्हापूरला असतात, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. वाळूचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. आईने गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून वाळू चाळायला लावली होती. झाकण आपल्या जुन्या पिंपाचं."

मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? मी तुझ्यावर दोन वर्षं धुमसत होते. आईला म्हटलं, तू गप्प कशी बसलीस? तर मलाच म्हणाली, 'उखळ आता तिचं. कुटेल नाहीतर बुजवेल. तू तुझ्या घरचं बघ.'"

मी थोडा वेळ थांबले. मग मनातलं विचारलंच. म्हटलं, "पण त्या रुसल्या होत्या ना? स्वयंपाकघरात बसायच्या नाहीत. विळी घेऊन पडवीत जायच्या."

वन्सं हसायला लागल्या. "रुसायला तिला वेळ कुठे होता? अगं, पाय सरकायचा तिचा त्या तुझ्या गुळगुळीतावर. ओल्या पायाने दोनदा पडली ती. एकदा तर चांगली कंबर धरली होती, पंधरा दिवस. मला म्हणाली, वहिनीला सांगायचं नाही. पोरीने हौसेने आणलंय."

मी फोन ठेवला तेव्हा मनगटाकडे बघत होते. पंधरा दिवस कंबर धरलेली बाई त्याच घरात होती आणि मला पत्ता नव्हता. पंधरा दिवस! मी सकाळी साडेदहाला बाहेर, संध्याकाळी सहाला आत. भाजी चिरलेली असायची.

आठवडाभर मुलाला दूध सांडल्याचं न सांगणारी मी, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन केला आणि श्रावणापासून आणखी एकदा पडले होते तेही सांगून टाकलं. तो चिडला. चिडू दे.

आता फरशी उघडी आहे. लोणा दोनदा ब्रशने झाडला, फरशी धुतली, दारं-खिडक्या उघड्या ठेवून महिनाभर सुकू दिली. वास गेला. दारापाशी एक फरशी तडकलेली निघाली, ती बदलून घेतली. नवी शहाबादी मिळते, पण रंग जुळत नाही, तेवढी एक वेगळी दिसते. डिंकाचे काळपट ठिपके काही ठिकाणी राहिले आहेत, त्यांना मी सोडून दिलं आहे. उखळापाशीच्या फरशीला मात्र एक चकाकी आहे, दोन तळव्यांएवढी. बाकीच्या फरशीला नाही. तिथे पाय रोवून त्या मुसळ उचलायच्या.

उघडा खड्डा या वयात परवडणारा नाही, हे मुलाचं म्हणणं खरं आहे. म्हणून दगडवाल्याकडून एक गोल झाकण करून घेतलं, फरशीच्या पातळीला बसणारं, मधे कडी अडकवायला भोक. पाटाची सर नाही, पण पाय अडकत नाही. परवा गुरुवारी ते झाकण काढून आत शेंगदाण्याचं कूट करायला घेतलं. वरवंट्याने. उखळात वरवंटा म्हणजे अगदीच विनोदी प्रकार. निम्मे दाणे तसेच राहिले. पण मुसळच नाही घरात. आमचं मुसळ उखळ बुजवल्यावर कुठे गेलं, ते कुणालाच आठवत नाही. काही वर्षं मागच्या अंगणात दोडक्याच्या वेलाला टेकू म्हणून होतं, एवढं मला आठवतं. मुसळ केरात म्हणतात ते आम्ही अक्षरशः केलं असणार.

तेव्हा नातेवाइकांना विनंती. कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, गावाकडच्या घरी जुनं मुसळ पडलेलं असेल, खालचं लोखंडी कडं गेलं असलं तरी चालेल, तर मला कळवा. वन्सं, तुम्ही हे वाचत असालच. तुमच्याकडे दोन आहेत. मला पक्कं ठाऊक आहे.